मजुरी की मेहेरबानी?

शास्त्रवाचन : अनुवाद २४:१४-१५, कलस्सै ४:१



नाताळात मोलकरणीला साडी व फराळाचे ताट दिले म्हणजे आपल्याला समाधान वाटते. परंतु तीच बाई तापाने चार दिवस आली नाही, तर खाड्याचे पैसे कापताना आपला हात कचरतो काय? दया आणि न्याय यांची फारकत होते ती येथेच.

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावयाची होती, मग तो स्वकीय असो वा परका. शब्बाथाच्या आज्ञेतही (निर्गम २०:१०) दासदासींचा समावेश आहे. त्यांचा विसावा धन्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. धन्यांवरही एक धनी आहे, याचे स्मरण पौल करून देतो.

देशाचा कायदा मात्र दीर्घकाळ आपल्या उंबरठ्याशीच थबकला. घर हेही कामाचे ठिकाण आहे, हे मान्य व्हावयास वेळ लागला. पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्याव्यात :

१. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे.

२. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारांना तेथे नोंदणी करता येते. अन्य प्रांतांतील कामगारांसाठीही २०२१ पासून केंद्राची ई-श्रम नोंदणी आहे.

३. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणारी स्त्री स्पष्टपणे येते. तिला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

४. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ व्या करारात आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती सांगितली आहे. भारताने त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी, याचा विचार करण्यास समिती नेमावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला दिला.

कायदा अपुरा आहे, म्हणून आपले कर्तव्य उणे होत नाही. ठरल्या तारखेस पगार, आठवड्याची सुट्टी, आजारपणात भरपगारी रजा आणि नोंदणीसाठी साहाय्य, एवढे तर कायद्याची वाट न पाहता करता येईल. साडी अवश्य द्यावी. परंतु ती मजुरीच्या बदली नव्हे.

विचारार्थ प्रश्न :
१. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला विसाव्याचा दिवस मिळतो काय? रविवारी आपण उपासनेस जातो, तेव्हा ती कोठे असते?
२. तिचा पगार शेवटी केव्हा वाढविला?