जुन्या मोटारीचा स्टार्टर आणि गिअरचा दांडा : थोड्या खर्चातील घरगुती दुरुस्ती

मोटारदुरुस्ती हे मिस्त्रीचे काम आणि ओहमचा नियम परीक्षेपुरता, अशी आपली एक समजूत असते. माझीही होती. एका पावसाळी रात्री आजीला दम लागला. तिला दवाखान्यात न्यायचे होते आणि आमची जुनी अँबॅसडर किल्ली फिरवल्यावर नुसती 'टक्' करून गप्प बसली. शेजारच्या चौघांनी धक्का मारला म्हणून वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजने 'स्टार्टर गेला, नवा घाला' असे सांगितले. स्टार्टर गेलेला नव्हता. बिघाड होता तो इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या तांब्याच्या वेणीत, आणि काचपेपरच्या एका तुकड्याने तो निघाला. त्या निमित्ताने जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो.

अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली गाडी. हिंदुस्थान मोटर्सच्या बंगालमधील उत्तरपाडा कारखान्यात ती २०१४ पर्यंत तयार होत होती. पुढील विवेचन तिच्या जुन्या, स्टिअरिंगच्या नळीवर गिअरचा दांडा असलेल्या नमुन्यांविषयी आहे.

१. प्रवाहाचा हिशेब

इंजिन फिरवताना स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. समजा, प्रवाह १५० अँपिअर आहे आणि गंजलेल्या एका सांध्याचा रोध फक्त ०.०२ ओहम आहे. त्या सांध्यावरच १५० × ०.०२ = ३ व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टांपैकी उरले नऊ! शिवाय त्या सांध्यात ४५० वॉट उष्णता निर्माण होते. म्हणून किल्ली फिरवून झाल्यावर जो सांधा हाताला गरम लागतो, तोच बहुधा दोषी असतो.

आमच्या गाडीत गरम लागली ती चोकची तार. इंजिन रबरी आधारांवर बसलेले असते, त्यामुळे त्याचा बॉडीशी विद्युत्संबंध त्या तांब्याच्या वेणीतूनच होतो. वेणी गंजली की प्रवाह चोकच्या बारीक तारेतून वाट काढतो. व्होल्टमीटर असल्यास त्याचे एक टोक बॅटरीच्या अर्थ-खांबावर व दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून किल्ली फिरवावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाखविल्यास अर्थचे सांधे उघडून घासावेत.

२. दिव्यांची परीक्षा

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, पुढचे दिवे लावावेत आणि किल्ली फिरवावी.

(अ) दिवे एकदम मंद होतात, इंजिन फिरत नाही : बॅटरी उतरली आहे, सांधे खराब आहेत किंवा स्टार्टरची पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकली आहे. अडकली असल्यास किल्ली बंद करून, टॉप गिअर टाकून, हँडब्रेक सोडून गाडी मागेपुढे हलवावी. काही स्टार्टरच्या दांड्याला मागे चौकोनी टोक असते. ते पान्याने फिरवले तरी पिनियन सुटते.

(आ) दिवे तसेच प्रखर राहतात, आवाज नाही : स्विच, सोलेनॉइड किंवा झिजलेले कार्बन ब्रश पाहावेत.

(इ) स्टार्टर घरघर फिरतो, इंजिन स्तब्ध : पिनियन पुढे सरकत नाही. ही पिनियन आट्यांच्या नळीवर बसलेली असते. मोटर झटक्याने फिरली की पिनियन जडत्वामुळे मागे राहते आणि आट्यांवरून पुढे सरकून फ्लायव्हीलमध्ये शिरते. क्लचची धूळ व तेल यांचा थर बसला की ती हलत नाही. रॉकेलने धुऊन कोरडी करावी. ग्रीस मुळीच लावू नये, कारण त्यावर पुन्हा धूळच बसते.

स्टार्टर काढण्यापूर्वी बॅटरीची बॉडीला जोडलेली केबल सर्वांत आधी काढावी. ती तशीच राहिली आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडून हात भाजतो. कॉम्युटेटर बारीक काचपेपरने घासावा, एमरीने नव्हे. एमरीचे कण तांब्यात रुतून ब्रश झिजवतात. नवे ब्रश डाख देऊन बसवायचे असतात. तेवढे काम इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

३. गिअरचा दांडा

स्टिअरिंगवरच्या दांड्याला दोन कामे असतात : कोणत्या जोडीतला गिअर ते निवडणे आणि तो सरकवणे. दोन्ही हालचाली सळ्या व लहान दांड्यांमार्फत गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतात. अशा सहा सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झीज धरली, तर एकूण ढिलाई ३ मिलिमीटर झाली. दांड्याच्या लांबीमुळे मुठीपाशी ती कितीतरी पटींनी वाढते. मग निवड अर्धवट होते, गिअर अडकतो आणि चालकाला भर रस्त्यात बोनेट उघडून सळ्या हाताने हलवाव्या लागतात.

आधी इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. तेव्हा ते सहज पडत असतील आणि इंजिन चालू असतानाच खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. सळ्यांचा त्यात दोष नाही. इंजिन बंद असतानाही अडत असतील, तर चाकांना दगड लावून एकाने दांडा हलवावा व दुसऱ्याने बोनेटखाली पाहावे. जिथे दांडा हलतो पण पुढची सळी हलत नाही, तो सांधा झिजलेला. सांधे रॉकेलने धुवावेत, बुश, वॉशर व कॉटर पिना नव्या घालाव्यात, ग्रीस भरावे आणि न्यूट्रलमध्ये सळीची लांबी जुळवून चेक नट आवळावा. पिनेऐवजी तारेचा तुकडा घालण्याची सवय मात्र सोडावी. घाटात ती तार तुटली तर गिअर हाती राहत नाही.

४. मर्यादा

गिअरबॉक्सच्या आतले काम आणि फ्लायव्हीलचे तुटलेले दाते हा घरगुती विषय नाही. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठराविक दोनच जागी थांबते, म्हणून दातेही तिथेच झिजतात. गाडी थोडी ढकलल्यावर स्टार्टर लागत असेल तर ही शंका घ्यावी. हँडल मारण्याची वेळ आल्यास अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे. उलटा झटका बसला तर अंगठा वाचतो.

आजी बरी होऊन घरी आली ती त्याच गाडीतून. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले, तेव्हा ओहमचा नियम मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पाठ झाला.