अर्धे घर उजेडात, अर्धे अंधारात
अंशतः वीजपुरवठा खंडित होण्याची कारणे, पडताळणी आणि दक्षता

यवतमाळ जिल्ह्यात वैशाख-ज्येष्ठात दुपारपर्यंत ऊन तापते आणि सायंकाळी वावटळीसह वळवाचा पाऊस कोसळतो. झाडाच्या फांद्या तारांवर पडतात, तारा एकमेकींवर आदळतात आणि दारव्हा-दिग्रसपासून वणी-पांढरकवड्यापर्यंतच्या गावांतून वीज जाते. ती सर्वत्र गेली की कारण बाहेरचे आहे हे कोणाच्याही लक्षात येते. परंतु पुष्कळदा निराळाच प्रकार आढळतो. ओसरीतील दिवा जळतो आणि माजघरात अंधार असतो. पंखा मंद फिरतो. शेजारच्या घरी मात्र सर्व काही सुरळीत असते. अशा वेळी गृहस्थ गोंधळतो, हाती लागेल ती तार फ्यूजमध्ये बसवितो किंवा गावातील एखादा धाडसी तरुण थेट डीपीकडे धाव घेतो. वेळेवर केलेला थोडासा विचार अशा प्रसंगी प्राण वाचवू शकतो.

विजेची वाट

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. २००५ साली मंडळाचे विभाजन झाल्यावर वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. गावाजवळ ११,००० व्होल्ट दाबाची वीज येते. रोहित्रात, म्हणजे ज्याला गावकरी डीपी म्हणतात तेथे, तिचा दाब कमी केला जातो. रोहित्रातून तीन फेजच्या तारा व एक न्यूट्रलची तार अशा चार तारा खांबांवरून गावात फिरतात. सामान्य घराला त्यांपैकी एक फेज आणि न्यूट्रल मिळते व त्यांतील दाब २३० व्होल्ट असतो. कोणत्याही दोन फेजमधील दाब मात्र ४०० व्होल्टच्या घरात असतो. गिरणी, मोठे दुकान वा मोठे घर यांना तिन्ही फेज दिलेले असतात.

ही रचना ध्यानात घेतली म्हणजे शेजारच्या दोन घरांपैकी एकात उजेड आणि दुसऱ्यात अंधार का असतो याचा उलगडा होतो. ती घरे वेगवेगळ्या फेजवर असतात.

प्रथम काय पाहावे

तपासणीचा क्रम घराबाहेरून आत असावा. आजूबाजूच्या काही घरांचीही तशीच अवस्था असेल, तर दोष खांबावर किंवा रोहित्रात आहे असे समजावे आणि घरातील कशालाही हात लावू नये. शेजारी सर्वत्र प्रकाश असेल व आपल्या घराचा काही भागच बंद असेल, तर दोष बहुधा घरातच असतो.

घरातील वायरिंग निरनिराळ्या भागांत विभागलेली असते. दिवे-पंख्यांचा एक भाग, जड उपकरणांचा दुसरा. प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज किंवा एमसीबी असते. एमसीबी पडली असेल, तर त्या भागातील सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, तिचा खटका पूर्ण खाली करून मग वर करावा. ती टिकली, तर एकेक उपकरण जोडत जावे. ज्याच्या जोडणीने ती पुन्हा पडते, त्यातच दोष आहे. सर्व उपकरणे काढूनही ती पडत असेल, तर वायरिंगमध्ये दोष आहे आणि परवानाधारक वायरमनची गरज आहे. पडणारी एमसीबी दाबून धरणे किंवा बांधून ठेवणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधणे होय.

जुन्या घरांत चिनी मातीचे फ्यूज आजही आहेत. मेन स्विच बंद केल्याशिवाय ते काढू नयेत. जळालेल्या तारेच्या जागी त्याच क्षमतेची फ्यूज तार घालावी. जाड तांब्याची तार घातल्यास फ्यूज जळत नाही, भिंतीतील वायर जळते. कापसाच्या या जिल्ह्यात वेचणीनंतर अनेक घरांत कापूस साठविलेला असतो. तेथे एक ठिणगीही वर्षाचे पीक भस्मसात करू शकते.

उन्हाळ्यातील विशेष धोका

विदर्भात उन्हाळ्यात कूलर घरोघरी असतो. त्यात पाणी, पंप, मोटार आणि लोखंडी पत्रा एकत्र येतात. अर्थिंग नसेल आणि वेष्टन फाटलेली वायर पत्र्याला टेकली, तर संपूर्ण कूलरमध्ये वीज उतरते. ज्या घरी ३० मिलीअॅम्पियरची आरसीसीबी बसविलेली आहे, तेथे वीज जमिनीकडे गळू लागताच ती तत्काळ पडते आणि घरातील सर्व किंवा काही भाग बंद होतो. अशा वेळी प्रथम कूलरचा प्लग काढून पाहावे. आरसीसीबी वारंवार पडणे ही कटकट नसून इशारा आहे. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला असावा, हा नियम मुलांनाही शिकवावा.

दिवे मंद झाले तर

वीज पूर्ण न जाता मंद होणे अधिक फसवे असते. रोहित्राच्या ११,००० व्होल्टच्या बाजूचा तीनपैकी एक फ्यूज उडाला, की गावातील एका फेजवर दाब पूर्ण राहतो आणि उरलेल्या दोन फेजवर तो सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास येतो. साधा बल्ब लालसर होतो, पंखा रेंगाळतो. काही एलईडी दिवे मात्र कमी दाबावरही नेहमीसारखे जळतात, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. फ्रिजची मोटार सुरू होऊ न शकल्याने घरघरते व तापून जळते. फ्रिज, पंप व मोटारीची इतर उपकरणे तत्काळ बंद करावीत. पिठाच्या गिरणीची किंवा शेतपंपाची तीन फेजची मोटार एक फेज गेला तरी फिरत राहू शकते, पण अल्पावधीत जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसविणे हिताचे ठरते.

सर्वांत घातक दोष न्यूट्रलचा. रोहित्राजवळ किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटली वा ढिली झाली, तर काही घरांत दिवे मंद आणि काही घरांत डोळे दिपतील इतके प्रखर होतात. प्रखर घरांत दाब २३० व्होल्टच्या पुष्कळ वर जाऊन दूरदर्शन संच, पंखे व दिवे जळतात. दिवे एकाएकी प्रखर झाले, की उपकरणांची बटणे शोधत न बसता थेट मेन स्विच बंद करावा आणि शेजाऱ्यांनाही तसे सांगावे.

टेस्टरच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. टेस्टरचा दिवा पेटला म्हणजे केवळ फेज आहे एवढेच कळते. न्यूट्रल तुटलेले असतानाही तो पेटतो, इतकेच नव्हे तर प्लगच्या दोन्ही छिद्रांत पेटू शकतो. दिवा बंद आहे म्हणून तार निर्जीव आहे असे मानणाऱ्याचा घात येथेच होतो.

ग्रामपंचायत व शाळेचे कर्तव्य

डीपीचा फ्यूज बदलणे, खांबावर चढणे, काठीने तार हलविणे ही गावकऱ्यांची कामे नव्हेत. एखाद्या घरातील इन्व्हर्टर किंवा जनित्र चुकीच्या पद्धतीने जोडलेले असेल, तर बंद दिसणारी तारही जिवंत असू शकते. महावितरणच्या कर्मचाऱ्याला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे, तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा व दिवे मंद आहेत की प्रखर, किती घरांत, हेही सांगावे. एवढ्या माहितीवरून कर्मचाऱ्याला दोषाची जागा शोधणे सोपे जाते. तुटून पडलेल्या तारेजवळ कोणास जाऊ देऊ नये. जनावरेही दूर बांधावीत.

पावसाळ्यापूर्वी तारांवर येणाऱ्या फांद्या, उघड्या पडलेल्या डीपीच्या पेट्या व झुकलेले खांब यांची यादी करून ग्रामपंचायतीने ती महावितरणच्या कार्यालयास लेखी द्यावी. शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र यांच्या मेन स्विचजवळ कोणता फ्यूज कोणत्या खोलीचा, हे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या मुलांकडून आपापल्या घराचा असा नकाशा काढून घेतला, तर विज्ञानाचा तो एक जिवंत पाठ होईल. त्या मुलाच्या घरी एखाद्या रात्री अर्धा अंधार पडेल, तेव्हा जाड तार शोधणाऱ्या वडिलांचा हात धरून ‘आधी मेन स्विच बंद करा’ असे म्हणणारे कोणीतरी घरात असेल.