आटलेल्या गायीचा खर्च : व्यायच्या आधीचे ६० दिवस, नंतरचे २१

गाय आटली की गव्हाणीतली पहिली काटछाट खुराकाची होते. डेअरीचं बिल थांबलेलं, पोतं सतराशेला. मग दोन महिने वाळल्या वैरणीवर काढू, असं घरात ठरतं. आमच्याही घरात एका वर्षी ठरलं होतं. पौषात व्यायलेली तिसऱ्या वेताची गाय दुसऱ्या पहाटे मान पोटाशी वळवून बसली, ती उठेना. कान गार पडलेले. कॅल्शियमच्या सलाईनने जीव वाचला, पण त्या वेतात ती दुधावर आलीच नाही. तेव्हापासून मी हा हिशेब वहीत ठेवतो.

गाय संकरित, ४२० किलोची, १४ लिटरवर जाणारी धरली आहे. दर असे धरलेत: हिरवा चारा किलोला ४ रुपये, कडब्याची कुट्टी १०, खुराक ३४, खनिज मिश्रण १५०. दर तुमच्या गावचे घाला.

सातवा महिना भरला की गाय आटवायची. पोटातल्या वासराचं निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या दोन महिन्यांत भरतं, म्हणून हा काळ ‘बसून खाण्याचा’ नाही. पहिले ३९ दिवस रोज १२ किलो हिरवा चारा, ६ किलो कुट्टी, दीड किलो खुराक आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण. दिवसाला सुमारे १६७ रुपये, एकूण साडेसहा हजार. फक्त उसाच्या वाढ्यांवर गाय ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं.

खरी जोखीम शेवटच्या २१ दिवसांत. वासरू जागा व्यापतं, गायीचं खाणं घटतं आणि गरज मात्र वाढते. खुराक दीडवरून हळूहळू ३ किलोवर न्या. सरासरी अडीच धरा. हिरवा चारा १० किलो, कुट्टी ५. नेहमीचं खनिज मिश्रण थांबवून डॉक्टरांच्या सल्ल्याने अॅनायोनिक मिक्श्चर रोज १०० ग्रॅम. किलोला २०० रुपये धरले तर २० रुपये. दिवसाचे १९५, एकूण ४,०९५.

या दिवसांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका, लसूणघासही बंद ठेवा. वरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते. मग चीक सुटताना एकदम मागणी वाढते आणि गाय बसते. तोच दुग्धज्वर. बाटली व्यायल्यावर द्यायची.

व्यायल्यावर कोमट गूळपाणी द्या, पण लोभाने खुराक एकदम वाढवू नका, पोट आंबतं. दोन-तीन दिवसांआड अर्धा किलो वाढवत तीन आठवड्यांत ७ किलोच्या आसपास जा. हिशेब सोपा आहे: दीड किलो शरीरासाठी आणि लिटरमागे ४०० ग्रॅम. सरासरी ५ किलो खुराक, १५ किलो हिरवा चारा, ५ किलो कुट्टी, १०० ग्रॅम खनिज मिश्रण: दिवसाला २९५, २१ दिवसांचे ६,१९५.

म्हणजे ८१ दिवसांचे सुमारे १६,८०० रुपये. आटल्या काळातला खुराक पूर्ण तोडला तर वाचतात ३,८००. आता दुसरी बाजू पाहा. गाय ऐन भरात असताना एक लिटर कमी दिलं, तर सगळ्या वेतात २०० लिटरच्या आसपास घट येते, असा दुग्धव्यवसायातला ठोकताळा आहे. लिटरला ३२ रुपये धरले तरी ६,४०० गेले. डॉक्टर आणि सलाईन वेगळं.

थंडीचं काय? निफाडकडे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि दुकानदार ‘थंडीचं टॉनिक’ पुढे करतो. कॅनडाच्या गवताळ मुलखात मांसासाठी पाळलेल्या गायी शून्याखालच्या थंडीत उघड्यावर राहतात. तिथे गायीच्या सहनशक्तीपलीकडे पारा गेला, की दर अंशाला सुमारे २ टक्के जास्त ऊर्जा चाऱ्यातून देतात. आपल्याकडे भरपूर खाणाऱ्या, कोरड्या अंगाच्या गायीला तेवढी गरज पडत नाही. टॉनिकचे पैसे ठेवा. मात्र अंग ओलं राहू देऊ नका, आणि पाणी पहाटेचं गारठलेलं नको, विहिरीचं ताजं ठेवा. पाणी कमी प्यायली की दूध घटतं.

थंडी बाधते ती वासराला. पारा १० अंशांखाली गेला की नवजात जीव कुडकुडतो. अंग कोरडं पुसा, खाली सोयाबीनचं भुसकट किंवा भाताचा पेंढा अंथरा, अंगावर बारदान बांधा. पहिल्या दोन तासांच्या आत चीक पाजा. पहिल्या दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. वार पडायची वाट बघत चीक अडवून ठेवू नका. वार १२ तासांत पडली नाही तर दगड बांधू नका, ओढू नका. डॉक्टरांना फोन करा.