सूत जुळलं नाही

माझ्या गाडीची मागची नंबरप्लेट आंबा घाटात पडली. नेमकी कुठे, ते आजही सांगता येणार नाही. साखरप्याला चहाला थांबले तेव्हा ती जागेवर होती. टपरीवरच्या पोरानं ‘मॅडम, नंबर दिसत नाय’ म्हणत तिच्यावरच्या चिखलावर तांब्याभर पाणी ओतलं होतं, म्हणून पक्कं आठवतं. मलकापूरला पेट्रोल भरायला उतरले तेव्हा नव्हती. मध्ये सगळा घाट, जुलैचं धुकं आणि २०२२ सालच्या पावसाळ्यातले खड्डे. कुठे शोधणार?

कोल्हापूरच्या अलीकडे एका पोलिसदादांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

‘प्लेट घाटात पडली हो,’ मी म्हटलं.

‘पडली की काढली?’

मग त्यांनी टॉर्च मारून मागे पाहिलं. उजवीकडच्या भोकात जुना बोल्ट मोडून आतच राहिला होता. डावीकडे एक चकचकीत बोल्ट वाकड्या मानेनं उभा होता आणि त्याच्या डोक्याखाली प्लेटचा नखाएवढा तुकडा अडकला होता. त्यांचा आवाज जरा मऊ झाला. ‘हा कुणी मारला?’

‘मीच,’ मी म्हटलं.

पोलिसांकडे अर्ज, रेडियमवाल्याकडून अर्ध्या तासात नवी प्लेट, तारेनं बांधून परत रत्नागिरी, हे सगळं झालं. खरी गोष्ट त्याच्या तीन आठवडे आधीची आहे.

डावीकडचा मूळ बोल्ट गंजून मोडला होता. मिऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना गंजाचं कौतुक नसतं. खारं वारं खिडकीचे गज खातं, गॅसची शेगडी खातं, बोल्टाची काय कथा. मी स्टँडजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि म्हटलं, ‘नंबरप्लेटचा बोल्ट द्या.’ काउंटरवरच्या मुलानं डब्यात हात घालून एक काढून दिला. ‘दोन सुताचा घ्या, सगळ्यांना लागतो.’

घरी येऊन बोल्ट भोकात धरला. बोटांनी दीड वेढा फिरला आणि अडला. मला वाटलं, आत गंज असेल. पाना लावला. कुरकुर आवाज करत तो आणखी तीन-चार वेढे गेला आणि मी स्वतःवर खूश झाले. मग एकदम हलका झाला. फिरवावा तेवढा फिरतोय, पण ना आत जातोय ना बाहेर येतोय. डिकीच्या पत्र्याला आतून चिकटवलेला नट सुटून बोल्टाबरोबर गोल फिरायला लागला होता. डोकं प्लेटपासून तीनेक मिलिमीटर वरच राहिलं. ‘टिकेल इतकं’ असं मनाशी म्हणून मी हात धुतले. ती सैल बाजू तीन आठवडे खडखडत राहिली. भोक रुंदावत गेलं आणि सगळा भार उजवीकडच्या गंजक्या बोल्टावर पडला. घाटानं फक्त शेवटचा धक्का दिला.

आता हे सूत काय प्रकरण आहे ते सांगते, कारण घोटाळा तिथेच आहे. आपल्याकडे सुतार, प्लंबर, हार्डवेअरवाले अजून इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. बऱ्याच मोटारींत नंबरप्लेटला जो बोल्ट असतो तो सहा मिलिमीटरचा, म्हणजे एम-६. फरक साडेतीन दशांश मिलिमीटरचा, डोळ्याला कळतही नाही. त्याहून वाईट म्हणजे दोघांचे आटे वेगळे. एम-६ च्या दोन आट्यांमध्ये एक मिलिमीटर अंतर. पाव इंचीला इंचात वीस आटे, म्हणजे अंतर १.२७ मिलिमीटर. पहिला आटा चुकतमाकत बसतो, दुसरा रेटून बसतो, तिसऱ्यापासून एकमेकांना खातात. शब्दशः सूत जुळत नाही.

यात तिसरी भाषा गॅरेजची. मिस्त्री बोल्ट मापत नाही, पाना मापतो. ‘दहा नंबरचा बोल्ट’ म्हणजे ज्याला दहाचा पाना लागतो तो, आणि तो असतो एम-६. तेच ‘दहाचा’ दुकानात जाऊन सांगितलंत तर दहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट हातात पडेल. कंपनी मिलिमीटरमध्ये बोलते, दुकान सुतात, गॅरेज पान्यात, आणि आपण मध्ये उभे राहून ‘नंबरप्लेटचा’ म्हणतो. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्यानं सांगितलं की तिकडेही दुकानात पाव इंची, वीस आट्यांचे बोल्ट ढिगानं मिळतात आणि जपानी गाडीवाले तेच घेऊन जाऊन माझ्यासारखे फसतात. तेव्हा निम्मा अपराध माझ्या डोक्यावरून उतरला.

मापायला महागडं काही लागत नाही. शाळेची पट्टी घ्या, बोल्ट तिच्यावर आडवा ठेवा आणि एका सेंटिमीटरमध्ये आटे मोजा. दहा भरले तर एम-६, आठच्या आसपास भरले तर पाव इंची. याहून सोपं म्हणजे जुना बोल्ट नव्या बोल्टाला समांतर धरून दोघांचे आटे एकमेकांत बसवायचे आणि खिडकीकडे बघायचं. जोडी एकच असेल तर मधून उजेड दिसत नाही. जुना बोल्ट म्हणूनच फेकायचा नाही, मोडका असला तरी. दुकानात जाताना तोच खिशात.

आणि भोकात लावताना पहिले चार वेढे बोटांनी. पाना जवळही ठेवू नका, हात आपोआप त्याच्याकडे जातो. बोटांनी फिरला नाही तर बोल्ट चुकलाय, नाहीतर तिरका लागलाय, नाहीतर आत खरंच घाण आहे. यातल्या एकाही दुखण्यावर जोर हा उपाय नाही. तिरका असेल तर आधी उलटा फिरवा. आट्याचं तोंड आट्याला भेटतं तेव्हा बारीकसा ‘टिक्’ लागतो बोटांना. तिथून सुलटा फिरवला की लोण्यासारखा जातो.

माझा फिरता नट मिरकरवाड्याजवळच्या एका मिस्त्रींनी सोडवला. ते मच्छीमारी नौकांची इंजिनं करतात, गाड्या आवडीनं. त्यांनी डिकीचं आतलं प्लास्टिक उघडलं, सुटलेला नट कापून काढला, भोक साफ केलं आणि रिव्हेटसारखा पत्र्यात दाबून बसणारा एम-६ नट घातला. उजवीकडचं मोडकं टोकही काढलं. मजुरी १,४०० रुपये. मी दुकानात दिले होते चार.

‘आता बोल्ट कुठला घालू?’ मी विचारलं.

‘वहिनी, समुद्राला कुठला चालतो तो घाला.’

त्यांच्या डब्यात तीन जाती होत्या. पहिली साधी लोखंडी, वर जस्ताचा मुलामा दिलेली. आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ते संपलं की गंज सुरू. देशावर ती काही वर्षं काढेल, आमच्याकडे एकदोन पावसाळे. मग प्लेटवर बोल्टाच्या डोक्यापासून खाली पानाच्या पिंकेसारखा ओघळ येतो. दुसरी काळी, डोक्यावर ८.८ लिहिलेली. ताकद भरपूर, पण नंबरप्लेटला एवढी ताकद काय करायचीय? खाऱ्या हवेत ती सगळ्यांत आधी लाल होते. तिसरी स्टीलची, म्हणजे स्टेनलेस. मी खिशातून फ्रिजवरचा लोहचुंबक काढला, कुठेतरी ऐकलं होतं म्हणून. मिस्त्री हसले. चुंबक नाही चिकटला म्हणजे स्टील चांगलं, असं नसतं. बाजारात २०२ नावाचं स्वस्त स्टील मिळतं, त्यालाही चुंबक फारसा चिकटत नाही आणि किनाऱ्यावर त्याला डाग पडतात. डोक्यावर ए-२ कोरलेलं असेल तर तो ३०४ जातीचा, बहुतेकांना पुरेसा. ए-४ म्हणजे ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यापुढे तो जास्त टिकतो. नौकांना तोच. मी दोन ए-४ घेतले. जोडीचे वीस रुपयेसुद्धा झाले नाहीत.

स्टीलचीही एक खोड आहे. प्लेट ॲल्युमिनियमची, बोल्ट स्टीलचा, मध्ये खारट ओल, म्हणजे दहावीच्या प्रयोगातली बॅटरीच. ॲल्युमिनियम झिजतं आणि भोकाभोवती पांढरी भुकटी दिसते. पत्रा मोठा आणि बोल्ट छोटा असल्यानं हे हळू होतं, पण होतं ते भोकाच्या काठालाच, जिथे प्लेटचा सगळा भार असतो. म्हणून मध्ये नायलॉनचा वायसर घालायचा. दोन्हींचा थेट संपर्क कमी होतो आणि दाब पसरतो, पत्रा फाटत नाही. माझ्या पहिल्या बोल्टाला वायसरच नव्हता, तुकडा उगाच नाही अडकला. आट्यांना चिमूटभर ग्रीसही लावा. स्टीलच्या नटात स्टीलचा बोल्ट सुका आवळला तर कधी कधी असा जाम होतो की कापावाच लागतो.

लांबीत मी आणखी एकदा शहाणपणा केला. मोठा तो भक्कम, असं समजून आधी २५ मिलिमीटरचे आणले होते. मिस्त्रींनी आत बोट घालून दाखवलं, टोक बरोबर नंबरप्लेटच्या दिव्याच्या वायरीपाशी जात होतं. मला १६ चे पुरले. आवळताना दहाचा छोटा पाना आणि नुसतं मनगट, कोपर नाही. पुढच्या बंपरमध्ये बऱ्याच गाड्यांना प्लास्टिकचा नट असतो, तिथे तर मनगटही बेतानं.

हे सगळं २०२२ चं. तेव्हा चुकीला माफी होती, रेडियमवाला अर्ध्या तासात नवी प्लेट द्यायचा. आता तसं राहिलं नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी, म्हणजे सगळे जिला एचएसआरपी म्हणतात ती, कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची झाली. २०२५ मध्ये मुदत इतक्या वेळा वाढली की आमच्या आळीत लोक पैजा लावत होते. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक. ती हरवली तर आधी पोलिसांत तक्रार, मग पुन्हा नोंदणी, पुन्हा तारीख, पुन्हा पैसे.

आणि तिला बोल्ट नसतो, स्नॅप लॉक असतं. एकदा दाबून बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही, चोरी होऊ नये म्हणूनच ते तसं केलंय. मग बोल्टाचं पुराण कशाला, असं वाटेल. माझ्या गाडीला प्लेटमागे पट्टीची फ्रेम आहे. लॉक प्लेटला फ्रेमशी धरतं, फ्रेमला गाडीशी धरतो तो बोल्टच, आणि प्लेट बसली की तो झाकला जातो. गंजका, सैल, दोन सुताचा, जो असेल तो आत कायमचा बंद. नंतर प्लेट खडखडायला लागली तर लॉक तोडायचं आणि नव्यासाठी पुन्हा रांग. म्हणून तारीख घेतली असेल तर आदल्या संध्याकाळी दहाचा पाना घेऊन गाडीच्या मागे बसा. जुनी प्लेट काढा. एखादा बोल्ट आपला आपण फिरत असेल तर आतला नट गेलाय, तो बसवणाऱ्याकडे जायच्या आधी दुरुस्त करा, त्याच्याकडे त्याला वेळ नसतो. फ्रेमच्या भोकांना गंज असेल तर घासून रंगाचा हात मारा. आणि नव्या प्लेटला स्वतः भोकं पाडू नका. सरकारी पट्टी आहे, तिच्याशी छेडछाड चालत नाही.

माझी तारीख गणपतीनंतरची होती. केंद्रावर बसवणारा मुलगा विशीचा असेल, मागे वीसेक गाड्यांची रांग. त्यानं जुनी प्लेट उतरवली, फ्रेम हलवून पाहिली आणि खिशातून टोकदार पत्र्याचा स्क्रू काढून ड्रिलला लावला.

‘थांब बाळा,’ मी म्हटलं आणि त्याच्या तळहातावर दोन बोल्ट, दोन पांढरे वायसर ठेवले. मी जादाची जोडी बाळगून होते.

त्यानं ड्रिल खाली ठेवलं. बोल्ट भोकात धरून नुसत्या बोटांनी फिरवला. एक, दोन, तीन, चार.

‘जातोय की,’ तो म्हणाला आणि पान्यासाठी हात पुढे केला.