घरचा कागद

(लहानपणी घरी कागद तयार करताना लेखकाने कोणकोणते खटाटोप केले, ते त्याने या पाठात सांगितले आहे.)

ही 1998 सालची गोष्ट. मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या शाळेची सहल दौलताबाद आणि वेरूळ पाहायला गेली होती. किल्ला चढून सगळ्यांचे पाय दुखत होते. वेरूळच्या वाटेवर आमची बस एका लहानशा गावात थांबली. गावाचे नाव कागजीपुरा. कागजी म्हणजे कागद तयार करणारा, हे आम्हांला कोणी सांगावे लागले नाही.

सर म्हणाले, "मुहम्मद तुघलकाने 1327 साली आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्याच्या काळात कागदाचे कारागीर इथे येऊन राहिले, असे सांगतात. इथला दौलताबादी कागद पुढे फार प्रसिद्ध झाला."

एका खोलीत पाण्याचा हौद होता. पाण्यात पांढरट लगदा कालवलेला होता. एका कारागिराने लाकडी चौकटीवर बसवलेली जाळी हौदात बुडवली, अलगद वर उचलली आणि जराशी हलवली. पाणी गळून गेले. जाळीवर दुधाच्या सायीसारखा पातळ थर उरला. "हाच कागद," ते म्हणाले. मी पाहतच राहिलो. इतके सोपे! आपणही घरी कागद करायचा, असे मी बसमध्येच ठरवून टाकले.

याला आणखी एक कारण होते. माझे नाना कातिब होते. पूर्वी उर्दू वर्तमानपत्रे हाताने लिहीत आणि मग छापत. नानांनी चाळीस वर्षे हेच काम केले. मग संगणक आला आणि त्यांचे काम संपले. ते आमच्याकडे राहायला आले. त्यांची कलमे आणि दौत एका पेटीत बंद होती. (कागद, शाई, दौत, कलम, दप्तर हे शब्द फार्सी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. मराठीच्या तासाला ते भेटले, की मला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटे.) "नाना, लिहा ना," असे म्हटले, की ते म्हणत, "आता कशासाठी लिहू? आणि कशावर लिहू?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. दुसऱ्याचे देता येईल, असे मला वाटले.

जुन्या वह्या फाडून मी रात्रभर बादलीत भिजवल्या. सकाळी अम्मीच्या मिक्सरमध्ये त्यांचा लगदा केला. फुटलेल्या पाटीची चौकट घेतली आणि तिच्यावर खिडकीची जाळी ठोकली. हौदाऐवजी घमेले होते.

पहिला कागद एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला भोकाभोकांचा झाला. दुसरा जाळीला चिकटला, तो सुटलाच नाही. तिसरा छान उतरला होता. पण मला धीर कुठला? ओला असतानाच उचलला आणि तो हातात फाटला. उरलेला लगदा बादलीत तसाच राहिला. तीन दिवसांत त्याला अशी घाण सुटली, की शेजारची खाला नाकाला पदर लावून विचारायला आली. अम्मीने मिक्सर उचलून फळीवर ठेवला. "कागद कर नाहीतर चटणी कर. मिक्सर एकच आहे," ती म्हणाली.

मी तिची मनधरणी केली. शेवटी नववा कागद अखंड वाळला. तो राखाडी होता. त्याच्या एका कोपऱ्यात माझ्याच गणिताच्या वहीतला अर्धवट 7 दिसत होता. तरी तो मला फार सुंदर वाटला. धावत नानांकडे गेलो.

नानांनी कागद उजेडात धरून पाहिला. मग काही न बोलता पेटी उघडली. कलम शाईत बुडवून त्यांनी एक ठिपका दिला. पाहता पाहता त्या ठिपक्याला कोळ्यासारखे पाय फुटले. नानांनी कलम खाली ठेवले. "बेटा, हा कागद नव्हे. हा टीपकागद आहे."

मला इतका राग आला, की चार दिवस मी घमेल्याकडे पाहिले नाही. खरे सांगायचे तर पहिल्या रात्री मी रडलोही.

पाचव्या दिवशी नाना स्वतःच गच्चीवर आले. कागद म्हणजे बारीक तंतूंची वीण. एकदा कागद झालेले तंतू पुन्हा दळले, की तुटून आखूड होतात आणि वीण कच्ची राहते. म्हणून जुने कारागीर सुती चिंध्या वापरत. नुसता वाळलेला कागद शाई पितो. त्याला खळ लावावी लागते आणि मग गुळगुळीत दगडाने घोटावे लागते. नानांनी हे सारे एखाद्या उस्तादासारखे समजावले. चाळीस वर्षे कागदावर हात फिरवलेला माणूस घरात होता आणि मी त्यांना एकदाही विचारले नव्हते!

शिंप्याकडून सुती चिंध्या आणल्या. नखाएवढे तुकडे करता करता बोटाला फोड आली. चिंध्या मिक्सरच्या पात्याभोवती गुंडाळल्या, तेव्हा अम्मीने काही बोलण्याआधीच मी खलबत्ता घेतला. आठवडाभर कुटून थोडासाच लगदा झाला. तो वह्यांच्या लगद्यात मिसळला. कागद वाळल्यावर त्यांना मैद्याची पातळ खळ लावली. घोटायला अकीक उत्तम. पण आमच्या घरी अकीक फक्त नानांच्या अंगठीत होता. मी काचेची गोटी घेतली. बारा कागदांपैकी तीन टिकले.

नानांनी त्यांतला एक पाटावर ठेवला. ते अलिफची उंची कलमाच्या तीन ठिपक्यांनी मोजत. त्यांनी तीन ठिपके दिले. एकही फुटला नाही. मग शेजारी अलिफ काढला. मध्यावर त्यांचा हात थरथरला आणि अलिफ किंचित वाकला. नाना बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"कागद चांगला आहे," ते म्हणाले. "हात बिघडला आहे. आणखी पाच कागद लागतील."

त्या रात्री मी पुन्हा चिंध्या भिजत घातल्या.

स्वाध्याय

1. नानांनी पहिल्या कागदाला टीपकागद का म्हटले?
2. 'मला धीर कुठला?' असे लेखक का म्हणतो?
3. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले पाच शब्द पाठातून शोधा.
4. तुम्ही हाताने केलेली आणि बिघडलेली एखादी वस्तू आठवा. तिच्याविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.