स्टंपावरचा रुपया

श्रावण लागला आहे. अष्टमीतला एखादा गणपतीचा कारखाना डोळ्यांपुढे आणा. बाहेर पाऊस कोसळतो आहे. आत मूर्ती ओळीने मांडल्या आहेत. लोकांनी आपापले पाट आणून दिले आहेत आणि पाटांवर नावे लिहिली आहेत. मालकाच्या हाताखाली चार पोरे आहेत. पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोण करतो? एकटा मालक! पोरांनी माती मळायची, साच्यात दाबायची, घासायची. ब्रशाला हात लावायचा नाही. आणि नेमका मालकाला ताप भरला. आता हो काय करायचे? चतुर्थी काही पुढे जात नाही. पाट मात्र दारात येऊन बसले आहेत.

असे पुष्कळ धंद्यांत होते. म्हणून आज आपण एका माणसाची गोष्ट वाचू. हा माणूस व्यापारी नव्हता. क्रिकेट शिकवीत असे. पण माणसे तयार कशी करावी हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्यांचे नाव रमाकांत आचरेकर. जन्म १९३२ सालचा. मूळचे मालवणकडचे, म्हणजे आपल्याच कोकणातले. मुंबईत स्टेट बँकेत नोकरी करीत आणि दादरच्या शिवाजी पार्कवर मुलांना शिकवीत. स्वतः ते प्रथम श्रेणीचा, म्हणजे मोठ्या दर्जाचा, सामना फक्त एकच खेळले. पण सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर अशी कितीतरी मुले त्यांच्या हाताखालून भारताच्या संघात गेली. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते वारले.

पाहा बरे, ज्याला सगळ्यांत चांगले खेळता येते तोच चांगला शिकवतो असे नाही. मालकाचा हात सर्वांत सफाईदार असेल. पण तेवढ्याने पोरांचा हात बसत नाही.

सर काय करीत? सचिन त्यांच्याकडे आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. संध्याकाळी पोरगा दमला, की सर मधल्या स्टंपावर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचा तो रुपया. कोणीच बाद केले नाही, तर रुपया सचिनचा. असे तेरा रुपये सचिनने मिळवले आणि मोठेपणीही जपून ठेवले. आता हिशेब करा. एका रुपयात सरांनी काय काय घेतले? फलंदाज दमल्यावरही जपून खेळू लागला. गोलंदाज जीव तोडून चेंडू टाकू लागले. दोन्हीकडची पोरे तयार झाली! बक्षीस लहान होते, पण ठरलेले होते, आणि सगळ्यांच्या देखत मिळे.

दुसरे असे, की सर पोरांना नुसते सरावात अडकवून ठेवीत नसत. सामन्यात उतरवीत. सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत साठ दिवसांत तो पंचावन्न सामने खेळला. चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना आहेच.

सर कडक होते. एकदा सचिन आपला सामना सोडून वानखेडे मैदानावर शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना पाहायला गेला. सरांनी त्याला थोबाडीत दिली. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवायला जाऊ नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असे खेळ, असे त्यांचे सांगणे. ती थप्पड आम्हाला पटत नाही. आज कारखान्यात पोरावर हात उगारलात तर पोर उद्या यायचे नाही, आणि त्यात पोराची चूक नाही. पण सरांना राग का आला ते ध्यानात घ्या. पोराचा एक दिवस फुकट गेला, याचा तो राग होता. तोंडावर शाबासकी ते देत नसत. खूश झाले की भेळ किंवा पाणीपुरी खायला नेत. पोरांना तेवढ्याने कळे.

आणखी एक गोष्ट. त्यांचे शिष्य चंद्रकांत पंडित पुढे स्वतःच शिकवू लागले. विदर्भाच्या संघाने रणजी करंडक कधी जिंकला नव्हता. पंडितांच्या हाताखाली तो २०१८ साली जिंकला, २०१९ साली पुन्हा जिंकला. मग मध्य प्रदेशाने २०२२ साली. गुरू गेला तरी काम थांबले नाही ते असे.

आम्ही स्वतः ह्यात चुकलो आहोत. वर्गाची हजेरी आणि हिशेबाची वही आम्ही वर्षभर कोणाच्या हाती दिली नाही. आम्हाला वाटे, दुसरा कोणी खाडाखोड करील. मग आजारी पडलो, आणि वर्ग पंधरा दिवस बंद राहिला.

तर आपला गणपतीचा कारखाना. मालकाने हे काम श्रावणात काढू नये, पौषात काढावे. तेव्हा घाई नसते. तडा गेलेल्या चार मूर्ती बाजूला ठेवाव्या. रोज संध्याकाळी काम संपले की प्रत्येक पोराला ब्रश द्यावा आणि एक डोळा आखायला सांगावा. ज्याचा डोळा नीट येईल त्याला ठरलेला रुपया, सगळ्यांच्या देखत. वाकडा आला तर ओल्या फडक्याने पुसावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखायला द्यावा. मालकाने जवळ बसावे, पण ब्रश स्वतःच्या हातात घेऊ नये. हे फार जड जाते. पहिले डोळे तिरळे येतीलच. माघ येईपर्यंत चारांतला एक पोरगा तरी असा निघेल, की ज्याच्यापुढे खरी मूर्ती ठेवता येईल.