चिपाडाची राख आणि पाण्यातील विषारी धातू

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठी ऊस पिकतो आणि त्यापाठोपाठ चिपाडही येते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात व साखर कारखान्यांच्या भट्ट्यांत ते जळून त्याची राख होते. भुईमुगाची टरफले आणि पाटण-जावळीकडील भाताचा तूस यांचीही गणना आपण टाकाऊ वस्तूंतच करतो. पाण्यातील विषारी धातू धरून ठेवण्याचा गुण या वस्तूंच्या अंगी आहे. तो कसा उपयोगी पडतो व त्यापासून कोठे सावध राहावयाचे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे धातू मुलामा देणे, रंग तयार करणे, कातडी कमावणे, बॅटऱ्या बनविणे अशा धंद्यांच्या सांडपाण्यातून येऊ शकतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत आणि पाणी उकळल्याने जातही नाहीत. भारतीय मानक १०५०० (२०१२) अन्वये पिण्याच्या एका लिटर पाण्यात शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३ व एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे.

कापड पाणी पोटात घेते, ते शोषण होय. एका पदार्थाच्या पृष्ठभागास दुसरा पदार्थ चिकटून राहतो, त्यास अधिशोषण म्हणतात. कोळशास अगणित सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे चिमूटभर कोळशाचाही पृष्ठभाग फार मोठा असतो. कोळसा द्रावणातील रंग ओढून घेतो, हे लोविट्झ या रसायनज्ञाने १७८५ साली दाखविले. पुढे साखर पांढरी करण्यास हाडांचा कोळसा वापरात आला. भुईमुगाच्या टरफलांच्या कोळशाने कॅडमियम काढता येते, असे कोईमतूर येथील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केले. रुरकी येथील संशोधकांनी २००४ साली चिपाडाच्या राखेने शिसे व क्रोमियम काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले.

तथापि सर्व धातूंस एकच उपाय लागू पडत नाही. पाणी फार आंबट असल्यास शिसे व कॅडमियम नीट चिकटत नाहीत. सामू पाच-सहाच्या सुमारास असता चांगले चिकटतात. सहा संयुजेच्या क्रोमियमचे याच्या उलट आहे. त्यास आंबट पाणी मानवते. पाणी जड असेल, तर त्यातील चुनाही राखेवरील जागा अडवितो. मिरज-वाळव्याकडील खारवट विहिरींचे पाणी राखेने गोडे होईल, ही आशा तर कोणी बाळगूच नये. साधे मीठ या रीतीने निघत नाही.

आता मुख्य मुद्दा. धातू राखेस चिकटला, म्हणजे नाहीसा झाला असे नव्हे. फेरफार नोंदीने जमिनीचा धारक बदलतो, जमीन जागच्या जागी राहते. तद्वत् धातू पाण्याच्या खात्यातून राखेच्या खात्यात गेला, एवढेच. सौम्य आम्लाने धुतल्यास तो पुन्हा सुटतो. अशी राख उकिरड्यावर टाकल्यास कुजण्यातून उत्पन्न होणाऱ्या आम्लांनी हीच क्रिया घडू शकते, आणि मग धातू खताबरोबर शेतात उतरतो. टरफले तर स्वतःच कुजतात. ती जाळावी, तर कॅडमियमचा काही अंश धुरावाटे उडतो व उरलेला राखेत राहतो. कॅडमियम एकदा जमिनीत शिरला की पालेभाजीत व धान्यात चढतो, आणि तो काढून टाकणे अतिशय कठीण होते.

यास्तव आमच्या वाचकांस आमचे सांगणे असे. पाण्याविषयी शंका असल्यास, जेथे धातूंची तपासणी होते अशाच प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. दोष निघाल्यास पिण्यासाठी दुसरे पाणी घ्यावे. घरगुती राखेच्या भरवशावर राहू नये. राखेचा हा उपाय मुख्यत्वे कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी आहे, आणि तेथेही पाण्याची तपासणी गाळण्यापूर्वी व गाळल्यानंतर झाली पाहिजे. वापरलेल्या राखेची व्यवस्था २०१६ सालच्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लावणे हे त्या कारखानदाराचे काम आहे.

कोणी फुकट राख शेतावर आणून टाकू लागल्यास प्रथम एकच प्रश्न विचारावा: ही राख थेट भट्टीतून आली, की कोणाचे पाणी गाळून आली? उत्तर लेखी मिळेपर्यंत गाडी बांधाबाहेरच उभी ठेवावी.